डोंगर, माळ, ओढा

"डोळे मीट. मिटलेस? पापणीच्या फटीतून बघतेस, लबाड कुठली. घट्ट मीट. हां. आता सांग, काय लागतं?"

चाळीस वर्षं झाली, तरी सासूबाईंचा हा आवाज थोरलीच्या कानातून गेला नव्हता. तेव्हा ती नवी नवरी होती, अंगावरच्या कपड्यांना पेटीचा वास होता, आणि गोठ्यात एका तांबड्या शेळीच्या पाठीवर तिचा हात धरून सासूबाई उभ्या होत्या. तिनं घाबरत उत्तर दिलं होतं, "शेळी."

सासूबाई इतक्या हसल्या की तांबडी बिचकून बाजूला झाली. "शेळी लागते ते मलाही कळतं गं बाई. शेळीत काय लागतं ते सांग!"

मग त्यांनी तिचा अंगठा नेमका तिथं नेऊन ठेवला, शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या हाडाच्या अलीकडे, कण्यावर. आणि हात पुढेमागे फिरवत जात्यावरच्या चालीत म्हणाल्या:

डोंगर लागला अंगठ्याला, दोन पेंढ्या पोटाला.
माळ लागला अंगठ्याला, एकच पेंढी ओठाला.
ओढा लागला अंगठ्याला, काड्या पुरे गोठ्याला.

कणा टोकदार वर आलेला असेल तर तो डोंगर. शेळी आतून संपत चाललीय, तिला पाला वाढवायचा. सपाट लागला तर माळ, तिचं बरं चाललंय. आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस चढून मधे घळ झाली असेल तर तो ओढा. अशा बाईसाहेबांना वाळक्या काड्यांवर ठेवलं तरी त्यांचं काही बिघडत नाही.

"पण डोळे का मिटायचे?" थोरलीनं विचारलं होतं.

"कारण कोरड्या महिन्यांत डोळे खोटं बोलतात. काड्या खाऊन पोट ढोलासारखं फुगतं, थंडीनं केस उभे राहतात, गाभण असली तर आणखी गरगरीत दिसते. आपल्याला वाटतं, काय धष्टपुष्ट! आणि आत नुसती हाडं. पोट बघायचं नाही पोरी, पाठ विचारायची."

त्या दिवसापासून थोरली पाठीला विचारत आली. सासूबाई गेल्या, मग थोरलीचा नवराही गेला. दीर मोठा झाला, त्याचं लग्न झालं, धाकटी घरात आली. शेळ्यांच्या कितीतरी पिढ्या आल्या आणि गेल्या. कोरडे महिने मात्र दर वर्षी ठरल्या वेळी येत राहिले. कुंपणापलीकडचं गवत आधी पिवळं व्हायचं, मग भुरं, आणि मग नुसती माती उरायची.

त्या तीन-साडेतीन महिन्यांची तयारी घरात हिरव्या दिवसांतच सुरू व्हायची. तुतीच्या फांद्या तोडायच्या, मुठीएवढ्या पेंढ्या बांधायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उन्हात वाळवलं की पाला काळा पडतो आणि शेळ्या नाक मुरडतात. वाळलेल्या पेंढ्या माळ्यावर पार आढ्यापर्यंत रचायच्या. रोज जशा काढल्या जातील तशी रास खाली येते, आणि भिंतीतला एकेक आडवा वासा उघडा पडतो. पहिला वासा दिसला की दिवस सुरू झाले, पाचवा दिसला की निम्मे सरले. नववा दिसायच्या आत कुंपणापलीकडे हिरवं फुटलं पाहिजे, नाहीतर पंचाईत.

म्हणून वाटणी लागायची. सगळ्यांना पुरेल इतका पाला कधीच नसायचा. दिराला हे पटायला बरीच वर्षं लागली. कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो म्हणायचा, "वहिनी, चौदा शेळ्या आहेत, चौदा सारखे वाटे करा. भांडण नको नि तंटा नको."

"करा की, भाऊजी," थोरली म्हणायची. "मग तुमची ती भांडखोर काळी चार वाटे खाईल, आणि गरीब दोघी कोपऱ्यात उभ्या राहून तिचं खाणं मोजतील."

तेव्हा गोठ्यात फळ्या ठोकून तीन कप्पे केले होते. दर आठव्या दिवशी सकाळी थोरली एकेका शेळीच्या पाठीवर अंगठा ठेवायची आणि एक शब्द बोलायची. धाकटी चिंध्या घेऊन मागे उभी असायची. डोंगर म्हटलं की गळ्यात लाल चिंधी, माळ म्हटलं की पांढरी, ओढा म्हटलं की काहीच नाही. मग ज्या त्या कप्प्यात रवानगी. कुणाला दोन पेंढ्या, कुणाला एक, कुणाला मक्याचे कापलेले धांडे आणि वर मिठाच्या पाण्याचा शिंतोडा. गाभण शेळीचा तिसरा महिना सरत आला की दूध काढणं कधी थांबवायचं, तेही अंगठाच सांगायचा.

"आमच्या घरात शाळा शिकलेले तिघं," दीर पाहुण्यांना सांगायचा, "पण खरा शिकलेला एकच, तो अंगठा. आम्ही सगळे अंगठेबहाद्दर आहोत, आणि आम्हाला त्याची लाज नाही!"

पाहुणे हसायचे. थोरलीही हसायची, पण आतून तिची मान जरा ताठ व्हायची.

गेल्या थंडीत तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आधी करंगळीला, मग सगळ्या हाताला, मग दुसऱ्याही हाताला. वय झालं, म्हणून तिनं कानाडोळा केला. मुंग्या आल्या, चार महिने राहिल्या आणि एक दिवस निघून गेल्या. जाताना बोटांतलं होतं नव्हतं ते सगळं घेऊन गेल्या.

हे तिला कळलं ते बाभळीच्या शेंगा कुटताना. धाकटी एकदम ओरडली, "जाऊबाई, रक्त!" थोरलीनं खाली पाहिलं. अंगठ्यात अर्ध्या बोटाएवढा काटा रुतून बसला होता आणि शेंगांवर लाल थेंब पडत होते.

"हो की," ती म्हणाली. "कामात कुठलं कळतंय."

काटा तिनं दातांनी काढला. काढतानाही काही कळलं नाही. त्या दिवशी ती ओट्यावर बसून बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिली, घरातलं माणूस अचानक अबोला धरून बसावं तसा तो दिसत होता.

बोलायला हवं होतं. तेव्हाच बोलून टाकलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. पण घरातलं एकेक काम आधीच धाकटीच्या हाती गेलं होतं. स्वयंपाकघर गेलं, किल्ल्या गेल्या, दूध मोजून घालणं गेलं. ते वाईट गेलं असंही नाही, धाकटी हाताची चलाख होती. पण गेलं ते गेलं. थोरलीचं म्हणून एवढं एकच उरलं होतं, आठव्या दिवसाची ही सकाळ आणि तो एक शब्द. तोही गेला तर मग ती कोण? चुलीपाशी बसणारी एक म्हातारी, जिला चहा झाला का विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं.

धाकटीनं बारा वर्षांत किती वेळा म्हटलं होतं, "जाऊबाई, मला शिकवा ना पाठ बघायला."

"शिकवीन की. घाई काय आहे?" दर वेळी हेच उत्तर. घाई नव्हतीच. आता मात्र शिकवायचं म्हटलं तरी कशानं शिकवणार?

यंदाच्या कोरड्या महिन्यांची पहिली फेरी आली. थोरलीनं पहिल्या शेळीच्या पाठीवर अंगठा ठेवला. ही 'रेडिओ', सकाळी डोळे उघडल्यापासून झोपेपर्यंत तोंड चालू. अंगठा खाली टेकला, म्हणजे टेकलेला दिसला. लागलं काहीच नाही. जाड गोधडीवरून चाचपावं तसं.

"बोला," धाकटी म्हणाली. हातात चिंध्या तयार होत्या.

रेडिओनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प होती.

"माळ," थोरली म्हणाली.

धाकटीनं पांढरी चिंधी बांधली आणि पुढची शेळी ओढली. आभाळ कोसळलं नाही. पुढचा शब्द जरा सोपा गेला, त्यापुढचा आणखी सोपा. गेल्या वर्षी कोण कुठं होती ते थोरलीला पाठ होतं, त्याच्या आधाराने ती बोलत गेली. कुणाच्या कमरेजवळचा खळगा बघितला, कुणाची चाल. मनगट टेकवून पाहिलं, कोपराजवळचा हात टेकवून पाहिला, पण थंडीचे केस इतके दाट होते की त्यातून काही कळेना. शेवटी ती तेच करू लागली जे करायचं नाही म्हणून चाळीस वर्षांपूर्वी तिनं डोळे मिटले होते. ती पोट बघू लागली.

गोठ्यातल्या बारक्या तांबड्या शेळ्यांची तिला फारशी काळजी नव्हती. त्या जात्याच शहाण्या. पाला कमी झाला की त्या दूध कमी करत, अगदी आपणहून. धार दर दिवशी बारीक होत जायची आणि एके सकाळी भांड्याच्या तळाला नुसता ओलावा. दुपारी त्या उगाच फिरत नसत, सावलीला पाय पोटाशी घेऊन रवंथ करत पडून राहत. बाहेर सोडलं तर मागच्या दोन पायांवर उभ्या राहून बाभळीच्या काट्यांतून नेमकी एवढीशी पानं ओठांनी वेचून काढत. रेडिओसुद्धा या दिवसांत ओरडणं निम्म्यावर आणायची. दीर म्हणायचा, "बॅटरी वाचवतेय."

काळजीची एकच होती, मास्तरीण. उंच, पांढरीशुभ्र, हनुवटीखाली दाढी, आणि माणसाकडे अशी बघायची की आपलं गणित चुकलंय असं वाटावं. तिच्या आईला दुरून आणलं होतं, हिरव्या मुलखातून. मास्तरणीची धार घरात सगळ्यांत मोठी. पण दूध कमी कसं करायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पाला मिळो न मिळो, दोन वेळा भांडं भरायचं एवढंच तिला माहीत. बाहेरून कमी पडलं की ती आतलं काढून द्यायची. आधी चरबी जायची, मग मांस. यंदा ती गाभण होती, तिसरा महिना सरत आलेला, आणि पोटाचा घेर बघून घरात सगळ्यांचं एकमत होतं की आत दोन आहेत.

"हिचं दूध थांबवायचं का आता?" पहिल्याच फेरीला धाकटीनं विचारलं होतं.

थोरलीनं अंगठा ठेवला. पोट बघितलं. गोल, गच्च, भरलेलं.

"माळ. आठ दिवस अजून काढू."

आठ दिवसांनी पुन्हा माळ, त्यानंतरही माळ. माळ्यावरचा तिसरा वासा उघडा पडला, मग चौथा. मास्तरणीला एक पेंढी आणि बाकी धांडे.

पाचव्या फेरीनंतर धाकटी गव्हाण झाडताना थांबली. तिनं उरलेले धांडे मुठीत धरून आणून दाखवले. "हे बघा जाऊबाई, मास्तरीण पेंढी खाते आणि धांडे तसेच ठेवते. मला ती उतरल्यासारखी वाटते."

"पहिल्यापासून चोखंदळ आहे ती. तुझ्यासारखी. भाजीतली मिरचीसुद्धा वेचून ठेवतेस."

"मस्करी नाही करत मी. चालताना मागं राहते. काल तर बसल्यावर उठायला दोनदा जोर लावला."

"पोटात दोन आहेत. तू उठून बघ तशी टुणकन!"

"एकदा पाठ परत बघा ना. आता, माझ्यासमोर."

ती 'माझ्यासमोर' म्हणाली त्यात काही वाईट नव्हतं. पण थोरलीच्या नाकाला ते झोंबलं. "तुला डोळे आहेत, मला अंगठा आहे," ती म्हणाली. "चाळीस वर्षांचा. तुला इथं येऊन किती दिवस झाले?"

"बारा वर्षं," धाकटी म्हणाली. "आणि बारा वर्षं चिंध्याच बांधतेय."

ती धांडे टोपलीत टाकून निघून गेली. जाताना दार आपटलं नाही, हळूच लोटलं. ते थोरलीला जास्त लागलं.

दिरानं कुऱ्हाडीला धार लावता लावता दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी तुतीच्या झाडावर जातो," तो म्हणाला. "तिथं शांतता असते. काटे नाहीत, जावाही नाहीत."

सहावी फेरी झाली तेव्हा धाकटी एक शब्दही जास्त बोलली नाही. थोरली 'माळ' म्हणाली, धाकटीनं पांढरी चिंधी बांधली.

त्यानंतर तीन दिवसांनी सकाळी थोरली मास्तरणीची धार काढायला बसली. हल्ली ती बोटांनी न काढता सगळ्या मुठीनं काढायची, मुठीला निदान जोर तरी कळायचा. चार-पाच धारा पडल्या आणि थांबल्या. मास्तरीण हलली नाही, लाथ मारली नाही, मान फिरवून रागावलीही नाही. भिंतीला कपाळ टेकवून नुसती उभी राहिली. पुढ्यातली पेंढी जशीच्या तशी होती. तुतीची पेंढी, जिच्यासाठी तिनं एकदा फळी मोडली होती.

"काय गं बाई?" थोरली पुढे सरकली. मास्तरणीनं तोंड तिच्याकडे वळवलं आणि श्वास सोडला.

वास गोड होता. बंद पेटीत राहिलेली फळं जास्त पिकावीत तसा, मधाच्या पलीकडचा, नको तितका गोड.

थोरलीनं तो ओळखला. हा वास तिनं एकदाच घेतला होता, सासूबाईंच्या शेजारी उभी राहून. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "ही स्वतःलाच खातेय." तेव्हा गुरांचा डॉक्टर मिळायला दोन दिवस लागायचे. दोन दिवसांनी त्याची गरज उरली नव्हती.

तिनं भांडं खाली ठेवलं. ते कलंडलं, तेवढं दूध मातीत गेलं. "भाऊजी!" ती ओरडली. "डॉक्टरीणबाईंना फोन लावा! आत्ताच्या आत्ता!"

डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या. बुटकी, घाईतली बाई, हातमोजे खिशात आणि पेन केसांत. दीर त्यांना पाठीमागे 'सुईवाली' म्हणायचा आणि समोर तोंड उघडायचा नाही. त्यांनी मास्तरणीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, छातीला नळी लावली, मास्तरीण लघवीला बसायची वाट पाहिली आणि तिथं एक कागदी पट्टी धरली. पट्टी बघता बघता जांभळी झाली. मग त्यांनी मास्तरणीच्या पाठीवर हात ठेवला, नेमका शेवटच्या बरगडीच्या मागे, आणि एकदम थांबल्या.

"हिची पाठ शेवटची कुणी बघितली?"

थोरलीनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता.

"मी," धाकटी म्हणाली.

थोरलीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. धाकटी बाईंकडेच बघत होती.

"कशी बघितलीत?" बाई चिडल्या. "सुरीसारखा कणा लागतोय. पोटात दोन करडं आहेत आणि तुम्ही अजून दूध काढताय? दूध आजपासून बंद. हे औषध दिवसातून तीनदा पाजा, हळूहळू, गालाच्या बाजूनं, घशात ओतू नका. चांगला पाला पुढ्यात ठेवा, थोडा थोडा. मका आज मूठभर, उद्या दोन मुठी. एकदम ओतलात तर त्यानंच जाईल. फिरवा तिला, बसू देऊ नका."

"वाचेल का?" दिरानं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत पेंढीला तोंड लावलं तर आशा आहे. वेळेवर बोलावलंत हे एक बरं केलंत. वास कुणी ओळखला?"

"वहिनींनी," दीर म्हणाला, आणि त्यात जरा ऐट होती.

बाई गेल्या. धाकटीनं मास्तरणीचं तोंड धरलं, थोरलीनं बाटली. औषध चिकट होतं, निम्मं दाढीत गेलं. मग दोघींनी मिळून तिला परसात फिरवलं, एक पुढं दावं धरून, एक मागून हात लावून. तीन फेऱ्या झाल्यावर धाकटी म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. चाळीस वर्षांत एक शेळी चुकली, कुणाचीही चुकते."

"तू 'मी' का म्हणालीस?"

"बाहेरच्या बाईसमोर तुम्हाला कशाला खाली बघायला लावायचं?" धाकटी साधेपणानं म्हणाली. "घरातलं आपण घरात बघू. आणि खरं सांगू? त्या दिवशी मी जास्त बोलले. बारा वर्षं काय, मी तरी काय अशी मोठी लागून गेले!"

थोरलीनं मास्तरणीला पुढच्या फेरीला वळवलं. धाकटीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, उलटून चार बोलता आलं असतं. ही तर तिची चूक पदराखाली घेऊन चालली होती, आणि वर तिचीच समजूत काढत होती. आता गप्प राहणं अगदी सोपं होतं. एक शेळी चुकली, चुकते कधी कधी. आठव्या दिवशी पुन्हा अंगठा, पुन्हा एक शब्द, पुन्हा चिंधी.

दुपारी मास्तरणीनं पेंढीतलं एक पान ओढलं. बराच वेळ ते तोंडात तसंच धरून ठेवलं, जसं काही कुणाचं तरी उत्तर तपासतेय. मग चावलं. मग दुसरं ओढलं. दीर गव्हाणीशी पालथी बादली घालून बसला होता. तो टाळी वाजवणार तेवढ्यात धाकटीनं त्याचा हात धरला.

थोरली बघत होती ती मास्तरणीकडे नाही. ती फळ्यांपलीकडे बघत होती. तेरा शेळ्या. रेडिओ, भांडखोर काळी, तिच्या दोन लेकी, तांबड्या, ठिपक्यांची. त्यांतल्या आठ गाभण. कुणाच्या गळ्यात लाल, कुणाच्या पांढरी, कुणाचा गळा मोकळा, आणि त्यातली एकही चिंधी खरी नव्हती. सहा आठवडे तिच्या तोंडाला जे आलं ते यांनी खाल्लं होतं. सगळ्यांची पोटं गोल दिसत होती. मास्तरणीचंही दिसत होतं. यांतली कोण आतून स्वतःला खात असेल? आठवा दिवस यायला अजून चार दिवस होते. गोड वास यायला एक रात्रही पुरते.

ती उठली. पहिल्या कप्प्यात शिरली आणि एकीच्या गळ्यातली पांढरी चिंधी सोडू लागली. गाठ बोटांना सापडेना. तिनं वाकून दातांनी सोडली. मग दुसरीची, मग फळीवरून पलीकडे वाकून लाल चिंधीवालीची.

"हे काय करताय, जाऊबाई?" धाकटी आत आली. "फेरी शनिवारी आहे."

"इकडे ये."

"कुणाला काही होतंय का?"

"ये म्हणते ना."

धाकटी आली. थोरलीनं रेडिओचा कान धरून तिला दोघींच्या मधे उभं केलं. धाकटीचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तो ओला असणार, औषधानं चिकट असणार, ऊनही असणार. थोरलीला त्यातलं काही कळलं नाही, पण तो हात कुठं ठेवायचा ते ठाऊक होतं. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या हाडाच्या अलीकडे. तिनं आपल्या हातानं तो दाबला.

"डोळे मीट."

"अहो, पण..."

"मीट म्हणते. फटीतून बघू नकोस. हां. आता अंगठा पुढंमागं कर. काय लागतं?"

धाकटी हसली, डोळे मिटूनच. "शेळी लागते."

थोरलीनं तिचा अंगठा आणखी दाबला. "शेळीत काय लागतं ते सांग."

धाकटीच्या कपाळाला आठी पडली. अंगठा हळूच पुढं गेला, मागं आला, एका जागी थांबला. रेडिओ तोंड मिटून उभी होती. "वर आलेलं काहीतरी लागतंय," धाकटी म्हणाली. "टोकदार. एकामागे एक. हा... हा डोंगर का? पण तुम्ही तर हिला माळ म्हणाला होतात." तिनं डोळे उघडले. "माझं चुकतंय बहुतेक. तुम्ही लावून बघा ना."

दीर फळीपाशी येऊन उभा राहिला होता. थोरलीनं धाकटीच्या हातावरचा आपला हात उचलला आणि तिच्यासमोर उलटा करून धरला. अंगठ्यावर काट्याचा जुना व्रण होता.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "आज तेराही तूच बघायच्या, अंधार पडायच्या आत. मी लावून उपयोग नाही. गेल्या थंडीपासून या हातांना काही कळत नाही गं. सहा आठवडे मी नुसतं तोंडानं बोलत होते. मला डोंगर लागत नाही, माळ लागत नाही. मला शेळीसुद्धा लागत नाही."